'लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाला?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'दूध, भाजी आणि रिक्षा मी रोखीनेच का करते' या माझ्या मागच्या लेखावर परवा रात्री एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. "काकू, काळ बदललाय, जरा घराबाहेर पडा. पेन्शनर मंडळींना नोटांचा वास आवडतो, आवडू दे, पण त्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा देऊ नका. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला खासगीपणाची भीती कशाला? रोखीचा आग्रह म्हणजे करचुकव्यांना हातभार. आणि दुकानदाराला यूपीआयवर कमिशन पडतं हे तुमचं विधान साफ चूक आहे." यापुढे सुट्ट्या पैशांची कटकट, खोट्या नोटा, पाकीटमारी आणि फेरीवाल्यांना मिळणारं कर्ज असे आणखी मुद्दे आहेत.

कमिशनचं आधी सांगते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशन पडत नाही. मी कार्डाचं मशीन आणि यूपीआय यांची गल्लत केली. 'इतके रुपये प्राप्त झाले' असं ओरडणाऱ्या त्या डब्याचं भाडं बऱ्याच दुकानदारांना दरमहा द्यावं लागतं, पण ते भाडं म्हणजे कमिशन नव्हे. चूक माझी. मान्य.

आता 'काकू'बद्दल. आमच्या गल्लीतली मुलं मला काकू म्हणतात, भाजीवाली म्हणते, बँकेतले शिपाई म्हणायचे. मला तो शब्द प्रिय आहे. पण ज्यांनी मला कधी पाहिलेलं नाही, अशा माणसाने पहिल्याच शब्दाला काकू म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात घराबाहेर पडा म्हणून सांगायचं, तेव्हा त्या शब्दात मान उरत नाही. वय झालंय, गप्प बसा, एवढंच त्यातून ऐकू येतं. हेच तुम्ही माझ्या जागी एखाद्या गृहस्थाला लिहिलं असतं का? 'काका, जरा घराबाहेर पडा' असं?

मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत २९ वर्षं कॅश काउंटरवर बसले. घराबाहेर काय चालतं ते मला त्या जाळीतून रोज सकाळी साडेदहापासून दिसायचं. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डातले हमाल घामाने ओल्या झालेल्या नोटा घेऊन यायचे, त्या सुट्या करून, पंख्याखाली वाळवून मोजाव्या लागायच्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १०००च्या नोटा बंद झाल्या तेव्हा रात्री दहा-दहा वाजेपर्यंत मी काउंटर सोडला नाही. रांगेतल्या म्हाताऱ्या बायका पदराच्या गाठी सोडून, वर्षानुवर्षं घरात कुणालाही न सांगता साठवलेले पैसे माझ्यासमोर मांडत होत्या आणि मागे उभा असलेला मुलगा किंवा नवरा ते पहिल्यांदाच बघत होता. त्यातल्या काहींचे चेहरे अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. पैसे बदलून मिळाले, पण त्या घरी गेल्यावर पुढे काय झालं असेल? तेव्हा नोटांचा वास आवडतो वगैरे मला सांगू नका. मी नोटांकडे वासासाठी बघत नाही.

आता तुमचं ते वाक्य. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला भीती कशाला?

तुम्ही हे वाक्य स्वतःचं नाव न देता लिहिलं आहे. तो तुमचा हक्क आहे. मी नाव विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तुम्ही काही गुन्हा केलाय म्हणून नाव दिलं नसेल असंही मी समजत नाही. घरचे, ऑफिसातले वाचतील, उगाच चर्चा नको, एवढंच कारण असेल, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. मग तेच कारण मला का पुरू नये?

आमच्या बँकेत पिग्मी होती. सांगली-मिरजेत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. एजंट रोज संध्याकाळी दुकानातून, हातगाडीवरून दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करायचा आणि पुस्तकात लिहून द्यायचा. चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई होती, तिचा नवरा प्यायचा. तिने पिग्मीचं पुस्तक सात वर्षं घरी नेलं नाही, ते माझ्या ड्रॉवरमध्ये असायचं. महिन्यातून एकदा ती यायची, आकडा बघायची, पुस्तक परत माझ्या हातात द्यायची. त्या पैशांतून तिने मुलीचं नर्सिंगचं शिक्षण केलं. बँकेकडे नोंद होती, नव्हती असं मी म्हणत नाही. पण ती नोंद तिच्या नवऱ्याच्या खिशात वाजत नव्हती. आज अशा कितीतरी बायकांच्या खात्याला मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा जोडलेला असतो. पैसे जमा झाले की खिशातला फोन वाजतो, आणि त्या रात्रीच हिशेब विचारला जातो. या बाईकडे लपवण्यासारखं होतं. आता तुम्ही सांगा, तिने कुणाचं काय चोरलं होतं?

आणखी एक गोष्ट सांगते, जी मी लेखात मुद्दामच लिहिली नव्हती. तुमच्या वाक्यामुळे लिहावी लागते आहे. दोन वर्षांपूर्वी मला छातीत गाठ लागली. मिरजेला जाऊन दाखवलं, सुईची तपासणी सांगितली. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगा पुण्याला, त्याची बायको तेव्हा बाळंतपणाच्या जवळ आलेली. रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस माझे मला पाहिजे होते. लॅबच्या काउंटरवर मी ५००च्या नोटा पुढे केल्या तर तिथली मुलगी म्हणाली, मोड नाही, स्कॅन करा. केलं. खातं उघडताना ई-मेलच्या रकान्यात मी मुलाचा पत्ता दिला होता, माझा तेव्हा नव्हताच. मी मिरज स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत होते तेवढ्यात त्याचा फोन. लॅबचं नाव, रक्कम, वेळ, सगळं त्याच्यासमोर होतं. आई, कसली टेस्ट? त्याचा आवाज कापत होता आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. स्टँडवर, माणसांच्या गर्दीत, ते मला सांगावं लागलं. गाठ साधी निघाली. पण ते चार दिवस मला मिळाले नाहीत, आणि त्या पोरीलाही ऐन दिवसांत काळजी लागली ती लागलीच.

तुम्ही म्हणाल, ई-मेल बदलून घ्या. बदलली, दुसऱ्याच आठवड्यात. पण मुद्दा ई-मेलचा आहे असं तुम्हाला खरंच वाटतं का? माझ्या हातातल्या पैशाने मी काय घेतलं, कुठे गेले, हे कुणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं हे मी ठरवायचं होतं. ते माझ्याआधी एका निरोपाने ठरवलं. त्या दिवशी लॅबमध्ये मोड असती तर हे झालं नसतं.

आणि घरच्यांचं सोडून देऊ. भाजीवालीच्या पाटीवरचा क्यूआर तुम्ही स्कॅन करता तेव्हा तो व्यवहार ॲपकडून ॲपच्या बँकेकडे जातो, तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेत, तिथून तुमच्या बँकेत आणि तिच्या बँकेत. मेथीच्या एका जुडीसाठी इतक्या ठिकाणी कुणी, कुणाला, किती, केव्हा दिले ते लिहिलं जातं. माझ्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी रिक्षावाल्याच्या खासगी नंबरवर पैसे पाठवायची. तिचा यूपीआय आयडी म्हणजे तिचा मोबाइल नंबरच होता. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'हाय' आलं. सगळे रिक्षावाले तसे नसतात, मी तीस वर्षं त्यांच्याच रिक्षांतून फिरते आहे. पण २० रुपयांच्या नोटेवर गव्हर्नरची सही असते, त्या मुलीचं नाव नसतं.

खासगीपणा हे पेन्शनरांचं खूळ आहे असा तुमचा एकूण सूर आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले होते, आणि २०१२ साली त्यांनी आधारविरुद्ध याचिका दाखल केली तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. पेन्शनरच होते ते. तुम्ही आज नाव न देता मला चार शब्द सुनावू शकता, त्यामागे असल्या माणसांची मेहनत आहे. त्यानंतर २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला, पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद ठेवलेलीच आहे.

करचुकवेगिरीचं उत्तर मी खरं तर द्यायला नको. दोन लाख किंवा त्यावर रोख स्वीकारायला १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यात मनाई आहे, आणि मी मेथी घेते. बाद झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के बँकांत परत आल्याचं रिझर्व्ह बँकेनेच २०१८च्या अहवालात सांगितलं. काळा पैसा नोटांच्या गठ्ठ्यांत दडला असता तर तो असा परत आला असता का? उलट जुलै २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या कर्नाटकात काय झालं ते आठवा. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून जीएसटीच्या नोटिसा निघाल्या, हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला तर २९ लाखांची. ताज्या भाजीवर जीएसटी नसतो हे त्या यंत्रणेला दिसलं नाही, जमा झालेला आकडा तेवढा दिसला. तिकडच्या छोट्या दुकानदारांनी क्यूआर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. ते सगळे पेन्शनर होते का?

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. सुट्ट्या पैशांची कटकट आहे, म्हणून मी घरातून दहा-वीसच्या नोटा घेऊनच निघते. खोटी नोट मी बोटाने ओळखते, २९ वर्षं तेच केलं आहे. पाकीटमारी होते आणि फोनवरून खातीही रिकामी होतात. पीएम स्वनिधीसारख्या योजनेतून फेरीवाल्यांना कर्ज मिळतं आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅकही मिळतो, ते चांगलं आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आणि मी वीजबिल ऑनलाइनच भरते, हे मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलं असतंत तर निम्मी प्रतिक्रिया लिहावी लागली नसती.

एक मात्र विचारते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तुम्ही सांगलीत होता का? आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही मारुती चौकातलं घर सोडून विश्रामबागला बहिणीकडे गेलो. वीज नव्हती, एटीएम बंद, फोनला रेंज नाही. त्या आठवड्यात दूधवाल्याने, केळीवाल्याने, औषधाच्या दुकानाने जे घेतलं ते माझ्या पर्समधल्या नोटांतून घेतलं. शेजारच्या तीन घरांनी माझ्याकडून उसने नेले, त्यातली दोन घरं तरुण मुलांची होती, आणि ती तेव्हा मला मनापासून काकू म्हणत होती. पूर नसतानाही, २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ या दोन दिवशी यूपीआय देशभर अडकलं होतं, तेव्हा तुम्ही चहाचे पैसे कसे दिलेत?

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, लेखाखाली आहे तशीच राहील. लेखातलं कमिशनचं वाक्य आज सकाळी दुरुस्त केलं आहे. बाकी एक अक्षरही बदललेलं नाही.