बँडना वाजवायला पाचशे माणसांचा एक धड हॉल मागतोय, ताजमहाल नाही!

पुण्यात कॅफेच्या कोपऱ्यात साठ जणांपुढे वाजवा, नाहीतर थेट मैदान घ्या. मैदानावरचा एनएच7 वीकेंडर हा मोठा संगीत महोत्सव 2010 मध्ये याच शहरात सुरू झाला. पण साठवरून हजारांवर जाताना बँडनं पाय कुठे ठेवायचा? बारमध्ये गिग (छोटे कार्यक्रम) होतात, पण कॉलेजच्या पोरांना दारातच अडवतात आणि बँडची किंमत दारूच्या बिलावर ठरते.

"नाट्यगृह घ्या की!" हे ऐकून ऐकून डोकं उठलंय. नाट्यगृह नाटकासाठी बांधलंय हो! साडेतीन-चार तासांचं सत्र, त्यातच सामान चढवा, वाजवा, उतरवा. एका ड्रमसेटलाच सात-आठ माइक लागतात. बास, दोन गिटार, कीबोर्ड, गायक धरले की मिक्सरचे, म्हणजे सगळे आवाज जुळवणाऱ्या यंत्राचे, चौदा-पंधरा चॅनेल कधी भरले कळत नाही. प्रत्येक वादकाला मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, वेगळं मिक्स हवं. नीट साउंडचेकलाच दीड-दोन तास जातात. ते मिळत नाहीत, मग पहिली तीन गाणी शिट्ट्या मारणाऱ्या फीडबॅकमध्ये वाया. आणि मिक्सर कुठे? मागच्या काचेच्या केबिनमध्ये! हॉलमध्ये काय ऐकू येतंय हे साउंडवाल्याला कळणार कसं?

विजेचं तर विचारूच नका. लाइटचे डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रं) आणि साउंड एकाच फेजवर, अर्थिंगची बोंब. डिमर अर्ध्यावर आणला की गिटारच्या अँपमधून घूंऽऽ सुरू. साउंडला वेगळी फेज, स्वतःचं अर्थिंग, विजेच्या न्यूट्रल आणि अर्थ तारांमध्ये दोन व्होल्टच्या आत फरक. यात अवघड काय आहे?

भिंतींवर पातळ फोम चिकटवून "अकूस्टिक ट्रीटमेंट" म्हणणाऱ्यांचा तर संताप येतो. फोम झांजांचा आवाज खातो, 125 हर्ट्झच्या आसपासचा बास, म्हणजे खालचा जाड आवाज, तसाच घुमत राहतो. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास गिटार वेगळे ऐकूच येत नाहीत. तिथे चार इंच रॉकवूल (दगडी तंतूंचा जाड थर) आणि मागे हवेची पोकळी लागते. भिंती-दारं आवाज बाहेर न जाऊ देणारी, जाड असतील तर रात्री दहाची धास्तीही कमी होते. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दहानंतरच्या लाउडस्पीकर-बंदीतून बंदिस्त सभागृहं वगळलेली आहेत.

चारशेच्या तिकिटानं पाचशे माणसं आली तर दोन लाख जमतात. साउंड, लाइट, जनरेटर दरवेळी भाड्यानं आणला की त्यातला मोठा घास तिथेच जातो आणि वादकांच्या हाती पेट्रोलचे पैसे येतात. हॉलचंच साउंड, ड्रमसेट, दोन अँप असले तर बँड गिटार पाठीला लावून येईल. बाहेरगावच्या बँडआधी त्याच सामानावर इथला नवा बँड अर्धा तास वाजवेल. साउंड शिकणाऱ्या पोरांना दर आठवड्याला हात साफ करायला मिळेल. मुंबईत 2007 ते 2016 ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब होता, तेव्हा स्वतंत्र बँडना हक्काचा मंच होता. तो बंद झाला तेव्हा सगळे हळहळले. मग हॉल कुणी बांधला?

महापालिका पुढचं सभागृह बांधेल तेव्हा निदान एवढं करा: खुर्च्या जमिनीत ठोकू नका, मागे सरकवता येतील अशा घ्या. चौरस मीटरला दोन माणसं धरली तर अडीचशे चौरस मीटर मोकळी जमीन पुरते. आणि मिक्सरची जागा हॉलच्या मध्यावर, आराखड्यातच आखा!