‘एकच जाड जॅकेट पुरे’ हे खरं नाही

थंडी पडू लागली की बेळगाव-खानापूरकडच्या ट्रेकवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. ‘हिमालयात एकच जाड जॅकेट पुरे. आत सुती बनियन घाला, घाम टिपतं. घ्यायचं तर पिसांचंच जॅकेट घ्या. रेनकोटचं ओझं नको, हिवाळ्यात पाऊस नसतो.’ पहिल्यांदा जाणारी पोरं यावर भरवसा ठेवून सॅक भरतात, म्हणून लिहितोय.

बनियनपासून सुरुवात करतो, कारण धोका तिथेच जास्त. सुती कापड घाम टिपतं हे खरं, पण टिपलेला घाम ते सोडत नाही. आणि पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर पहाटे चढताना आमच्यातल्या एकाने जाड जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावली होती. अर्ध्या तासात आतून चिंब. धारेवर वारा लागला आणि थांबल्या थांबल्या त्याचे दात वाजायला लागले. चेन उघडली तर बनियन पाठीला ओल्या फडक्यासारखं चिकटलेलं. हाताला बर्फासारखं गार लागत होतं. कोरडा लोकरी थर अंगात घातल्यावर कुठे तो बोलू लागला.

एकाच जॅकेटचा घोटाळाही यातच आला. आपलं बेळगाव साधारण ७५० मीटरवर, केदारकंठाचा माथा ३,८१० मीटरवर. दर हजार मीटरला पारा सरासरी साडेसहा अंश उतरतो, म्हणजे नुसत्या उंचीनेच वीसेक अंशांचा फरक. थंडी खरीच आहे. पण चढताना अंग तापतं, थांबलं की गार पडतं. जाड जॅकेट एक तर अंगात, नाही तर सॅकमध्ये. आत घाम सोडणारा पातळ थर, मधे फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) आणि थांबल्यावर चढवायला उबदार जॅकेट असलं, की हवं तेवढंच अंगावर ठेवता येतं.

पिसांचं जॅकेट वजनाला हलकं, ऊब भरपूर. यात वाद नाही. ती ऊब पिसांत अडकलेल्या हवेची असते. पिसं भिजली की गोळे होतात आणि हवा जाते. सिंथेटिक भरणीचं जॅकेट थोडं जड, पण दमट झालं तरी बरीच ऊब धरतं. जांबोटीकडे पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभा असलेला धनगर आठवा. घोंगडी भिजून जड होते, तरी आत ऊब राहते. लोकरीचा हा गुण आपल्याला कुणी मेसेजमधून शिकवायला नको.

राहिला रेनकोट. बर्फ अंगावर पडून वितळतो, त्याचं पाणीच होतं. शिवाय वारा अडवायला वरचा थर लागतोच. तो सैल घ्या. घट्ट असला तर आतलं जॅकेट दबून त्यातली हवा निघून जाते.

निघायच्या आधी एखाद्या पहाटे भरलेली सॅक पाठीवर टाकून राजहंसगड चालत चढा. कुठला थर कधी काढावासा वाटतो, हे माथ्यावर पोचायच्या आतच कळेल.