कॅल्क्युलेटरवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा मुद्दे दिसले. वर्गातल्या एआयबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं : कॅल्क्युलेटर आला तेव्हाही मास्तरलोकांनी अशीच बोंब मारली होती. मी हवेत बोलतो, पुरावा एक नाही. आणि माझ्या धास्तीपायी तालुक्याची पोरं शहरातल्या पोरांच्या मागं पडणार. वर तुमच्या कंपनीचं ॲप आमच्या शाळेला फुकट द्यायची तयारीही तुम्ही दाखवलीत.

आधी माझी चूक. ‘हे फाटकाबाहेरच ठेवा’ असं एक वाक्य त्या लेखात होतं, ते तावातावात लिहिलं गेलं. फाटकाबाहेर काही राहत नाही. घरोघरी आईचा नाहीतर दादाचा फोन आहे आणि तो मला गृहपाठाच्या वहीत दिसतो. परवा दहावीच्या एका वहीत ‘द्विघात समीकरण’ असा शब्द सापडला. आपल्या पुस्तकात ते वर्गसमीकरण, द्विघात हिंदीतलं. गणित अचूक, पायऱ्या सुबक. पोराला फळ्यापाशी बोलावलं, म्हटलं, मधल्या पदाची फोड अशीच का केलीस? तो हातातल्या खडूकडे बघत राहिला. खोटं बोलला नाही बिचारा, गप्प राहिला.

कॅल्क्युलेटरचं म्हणाल तर तो आला, टिकला, आणि तरी दहावीच्या गणिताच्या पेपरला तो आपण आजही चालू देत नाही. कॅल्क्युलेटर गुणाकार करतो, पण कुठल्या संख्यांचा करायचा ते पोरालाच ठरवावं लागतं. हे नवं यंत्र तेही ठरवून मोकळं होतं. शिवाय चुकलं तरी त्याच आत्मविश्वासानं बोलतं.

आता पुरावा. तुर्कस्तानातल्या एका हायस्कुलात जवळपास १००० मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, त्याचा शोधनिबंध २०२४ मध्ये आला. काहींना सराव करताना साधा चॅटबॉट, म्हणजे विचारलं की उत्तर लिहून देणारं एआय, दिला, काहींना शिक्षकांनी आधी सूचना भरून ठेवलेला. हा दुसरा उत्तर सांगत नव्हता, अडलं की पुढचा इशारा द्यायचा. बाकीच्यांना फक्त वही-पुस्तक. सरावात साधा चॅटबॉटवाले वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के सरस ठरले, इशारेवाले तर १२७ टक्के. मग सगळ्यांची यंत्राशिवाय परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी खाली गेली. इशारेवाल्यांचं नुकसान जवळजवळ टळलं, पण सरावातली ती आघाडी काही परीक्षेत उतरली नाही. आणि आपण कमी शिकलो हे साधा चॅटबॉटवाल्यांना जाणवलंही नव्हतं! मला सगळ्यात जास्त हे टोचलं. यंत्र आतून एकच होतं. फरक कशानं पडला? मुलाची चूक करायची पाळी कुणी हिसकावली आणि कुणी राखली, एवढ्यानंच. माझा सगळा आग्रह त्या पाळीसाठी आहे. बंदीचं म्हणाल तर ते वाक्य मी मागे घेतलंच.

‘मग नकल पकडायची ॲपं आहेत ना’ असंही तुम्ही लिहिलंय. ती मी वापरून तोंडघशी पडलोय. नववीतल्या एका मुलीचा ‘मी शेतकरी बोलतोय’ हा निबंध अशा एका ॲपनं यंत्रलिखित ठरवला. मी तिला सगळ्यांदेखत विचारलं. तिनं मान खाली घातली, आणि शेजारची म्हणाली, ‘सर, हा तुमच्याच तासाला लिहिलाय.’ खरंच होतं. (आपल्या गाईडांनी निबंधाची भाषा कधीचीच यंत्राची करून ठेवलीय, ॲपला तरी काय दोष द्यायचा!) नंतर कळलं की चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच असं एक ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं. ते यंत्राचं लिखाण जेमतेम २६ टक्के वेळा ओळखायचं, माणसाचं लिखाण ९ टक्के वेळा यंत्राचं ठरवायचं, आणि सहा महिन्यांत त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ७ ओळखयंत्रं तपासली, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले होते. थोडक्या, ठरावीक शब्दांत लिहिणारा सापडतो. आमची पोरं अशीच लिहितात.

मुलांपेक्षा मला भीती आम्हा शिक्षकांची वाटते, हे मागच्या लेखात राहून गेलं. सत्र संपलं की वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. एकेका मुलाला तीन-चार ओळी, वर्गात पन्नास मुलं, आणि वरून ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. स्टाफरूममध्ये एकानं युक्ती काढली : वर्गाची एक्सेल शीट जशीच्या तशी चॅटबॉटला द्यायची, दहा मिनिटांत नोंदी तयार. शीटवर काय होतं? मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, आधार क्रमांक, गुण. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, घरी लवकर जायचं होतं. मीही तोंडभरून कौतुक केलं आणि घरी पोचल्यावर चरकलो.

सरकारी ‘दीक्षा’ ॲपवरची १० लाखांवर शिक्षकांची आणि सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती उघड्यावर राहिल्याचं जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं होतं, तिथं आमची काय कथा. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ते कलम प्रत्यक्ष लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिली. तोवर आम्ही आपसांत ठरवलंय : नाव नाही, आधार नाही, फक्त हजेरी क्रमांक आणि निरीक्षण. नोंद यंत्रानं लिहिली तरी सही करणाऱ्यानं ती वाचायची. पहिल्याच खेपेला तीन मुलांना ‘चित्रकलेची विशेष आवड’ निघाली. आमच्याकडे चित्रकलेला शिक्षकच नाही.

पोरं मागं पडतील, हा तुमचा मुद्दा मात्र मला झोपू देत नाही. म्हणून आता वर्गात वापरतो, माझ्या एकट्याच्या फोनवर. नियम एकच : आधी वहीत दोन पायऱ्या, चुकीच्या असल्या तरी चालतील. मग त्या यंत्राला दाखवायच्या आणि ‘उत्तर नको, कुठं घसरलो ते सांग’ असं मराठीत विचारायचं. कधी यंत्रच घसरतं. ते पोरांनी पकडलं की वर्गात जो गलका होतो तो शेजारच्या वर्गाला सहन होत नाही.

तुमच्या ॲपचं माहितीपत्रक पाहिलं. मराठी बरं आहे. त्यात कॅमेऱ्यातून मुलाचं लक्ष आणि मूड ओळखायची सोय आहे, ती नको. शाळेत अशा भावना ओळखणाऱ्या यंत्रणांना युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२५ पासून बंदी केली आहे. आणि माझ्या वर्गात सगळ्यात एकटक फळ्याकडे बघणारा पोरगा आज मोटरीची लाइट दिवसा आहे की रात्री, याचा हिशोब करत असतो. ते तुमच्या कॅमेऱ्याला काय कळणार?

शनिवारी सकाळची शाळा असते, साडेदहाला पोरं मोकळी होतात. तेव्हा या. ॲप घेऊन या, दहावीची पाच-सहा पोरं थांबवून ठेवतो, त्यांच्यासमोर चालवून दाखवा. हजेरीपट तेवढा मागू नका.