बेणं बिघडलं, पण डीएनएच्या 'कचऱ्यानं' नव्हे

लागणीचे दिवस आले की आमच्या करवीर-कागल भागातल्या ऊसकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातला मुद्दा असा: उसाच्या डीएनएत बहुतेक कचराच आहे, तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा आलेली. युरियाच्या माऱ्यानं हा कचरा बदलत गेला, म्हणून 86032 या उसाच्या वाणाचं टनेज घटलं. देशी वाणात असलं काही होत नाही.

पुनरावृत्ती भरपूर असते, एवढं खरं. मक्याच्या डीएनएचा सुमारे 85 टक्के भाग जागा बदलणाऱ्या तुकड्यांचा आहे. पण कचरा? तासगावची हिरवी द्राक्षं बघा. सालीला काळा रंग देणाऱ्या जनुकाशेजारी असाच एक तुकडा येऊन बसला आणि रंग बंद पडला. शाळेत शिकलेला मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणाही अशाच घुसखोर तुकड्याची करणी.

देशी वाणाचं म्हणाल, तर हे तुकडे युरियाची वाट बघत नाहीत, कुठल्याही वाणात उड्या मारतात. अमेरिकी शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंना ते मक्याच्या ठिपकेदार दाण्यांत सापडले. 1983 साली नोबेल मिळालं त्यावर.

आता युरिया. ते नत्र आहे, बाकी काही नाही. डीएनए मुद्दाम बदलायचा असतो तेव्हा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर गॅमा किरण सोडतात, युरियाची पोती ओतत नाहीत. पुनरावृत्तीत चूक होते ती पेशी नक्कल करताना. 'कागाकागाकागा' दहादा लिहायला घ्या, कुठंतरी एखादा 'कागा' जास्त पडतोच. मक्यात अशा दोन-अक्षरी ठिकाणी दर पिढीला दहा हजारांत सात-आठ वेळा ही चूक होते. सुट्या अक्षराच्या चुकीपेक्षा हे प्रमाण हजारो पटींनी जास्त, तरी एका शेतकऱ्याच्या हयातीत वाण बुडवण्याइतकं नाही. उलट, वाण अस्सल आहे का हे प्रयोगशाळा याच पुनरावृत्त्या मोजून ओळखते. त्या दरसाल बदलल्या असत्या तर ओळख कशाची पटवणार?

खरी मेख टनेजच्या मुद्द्यात आहे. ऊस बियांनी नाही, कांडीनं लावतो; ही कांडी म्हणजेच बेणं. कांडीवरच्या एखाद्या डोळ्यात बदल झाला तर तो त्यातून फुटलेल्या उसांच्या झुपक्यात, म्हणजे त्याच्याच बेटात, उतरतो. म्हणजे म्युटेशननं प्लॉट बिघडला असता तर इथं एक बेट बुटकं, तिथं एक पट्टेरी, असं दिसलं असतं. सगळा प्लॉट एकसारखा खाली बसतो तेव्हा कांडीतून आलेला रोग शोधावा. बेट उपटून बघा: गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे आणि गाळपाला जाईल असा एकही ऊस नाही, तर तो 'गवताळ वाढ' नावाचा रोग. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक, खुरटवणाऱ्या जिवाणूचा रोग तर बाहेरून दिसतही नाही, आणि तोडणीच्या कोयत्यावरून या बेटातून त्या बेटात जातो. म्हणूनच मूलभूत बेण्याला, ज्यापासून पुढचं बेणं वाढवतात त्याला, सुमारे 54 अंशांची बाष्पयुक्त उष्ण हवा देतात, आणि तीन-चार वर्षांनी बेणं बदला म्हणून शास्त्रज्ञ घसा कोरडा करतात.

यंदा ज्यानं मेसेज टाकला त्याला मी विचारलं, "बेणं कुठलं लावलायस?"

"घरचंच की. खोडव्यातलं. सा-सात वर्सं झाली, एक रुपाया घातला न्हाई बेण्याला."