‘सहाचा बिट, सहाची पिन, सहाचे अंतर’: घरगुती फिंगर जॉइंट जिगविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

सुतारकामाची हौस असलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. विषय आहे फिंगर जॉइंट, म्हणजे दोन फळ्यांची टोके बोटांसारखी कापून एकमेकांत गुंतवण्याचा सांधा. तो राउटरने, म्हणजे फिरत्या बिटाने (पात्याने) लाकडात खाचा कापणाऱ्या यंत्राने कापतात, आणि फळी दर वेळी नेमक्या जागी धरणारा साचा म्हणजे जिग. राउटरसाठी फिंगर जॉइंटचा तयार जिग घेणे म्हणजे पैशाचा चुराडा, त्यापेक्षा प्लायचे दोन टाकाऊ तुकडे घ्या, 6 मिमीच्या बिटासाठी 6 मिमीची पिन (फळीची खाच अडकवायची खुंटी) करा, बिट आणि पिन यांच्यामध्ये 6 मिमी अंतर मोजा, पिन फेव्हिकॉलने पक्की चिकटवा, अर्ध्या तासात जिग तयार, असा त्या मजकुराचा सारांश आहे. त्याला तीन पुरवण्या जोडलेल्या आहेत. अंतरात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी चालते, कारण दोन्ही फळ्या त्याच जिगवर कापल्या जातात. सांधा हातोडीने ठोकून बसवावा लागला तर चांगलेच, कारण जितका घट्ट तितका मजबूत. आणि कापताना फळी नुसती हाताने धरली तरी पुरते.

जिग घरी करावा, याबद्दल माझे दुमत नाही. मी स्वतः घरीच केलेला जिग वापरतो आणि पहिला जिग नेमका या मजकुरात सांगितल्यासारखाच, पिन चिकटवून केला होता. त्यावर कापलेल्या पेटीची एक बाजू अजून भिंतीला टेकून उभी आहे, कारण ती दुसऱ्या बाजूत आजतागायत शिरलेली नाही.

प्रथम अंतराबद्दल. राउटर टेबलावर (राउटर खालून उलटा बसवलेल्या टेबलावर) सरकणारी पाटी, तिच्यावर उभा आधार, त्या आधारातून जाणारा बिट आणि बिटाशेजारी एक पिन, एवढाच हा जिग. फळी उभी धरून पहिली खाच कापायची, ती खाच पिनवर बसवायची, दुसरी कापायची, तीही पिनवर बसवायची, असे शेवटपर्यंत. यात खाचेची रुंदी बिट ठरवतो आणि बोटाची, म्हणजे दोन खाचांमध्ये उरलेल्या लाकडाची, रुंदी बिट व पिन यांच्यामधले अंतर ठरवते. म्हणून बोट आणि खाच सारखी व्हायची, तर ते अंतर खाचेइतके हवे. मजकूर मात्र ते बिटावर छापलेल्या आकड्याइतके ठेवायला सांगतो, आणि गोम इथेच आहे. कोलेटमध्ये (बिटाचा दांडा पकडणाऱ्या भागात) बारीक भुसा अडकलेला असेल, राउटरच्या बेअरिंगला थोडा खेळ असेल किंवा बिट परत धार लावून आणलेला असेल, तर खाच छापील आकड्याची होत नाही. माझ्याकडच्या एका ‘सहाच्या’ बिटाची खाच व्हर्निअरवर (बारीक मोजमापाच्या साधनावर) 6.1 च्या पुढे भरते. त्यात आपल्याकडे 6 मिमीचे आणि पाव इंचाचे, म्हणजे सुतारांच्या भाषेत दोन सुताचे, बिट एकाच डब्यात नांदतात. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी, आणि हा फरक डोळ्याला दिसत नाही. (6 मिमीच्या दांड्याचा बिट पाव इंची कोलेटमध्ये आवळू नये, तो फिरता फिरता निसटू शकतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.) 6 मिमी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लायची पट्टी पिन म्हणून लावणे तर आणखी बेभरवशाचे, कारण तीही क्वचितच नेमकी तेवढी भरते.

त्यामुळे मोजपट्टीने मोजायचेच नाही. आधी टाकाऊ फळीत त्याच बिटाने एक खाच कापावी, सागाची किंवा पितळेची एक लांब पट्टी त्या खाचेत हाताने सरकेल इतकी घासावी आणि तिचे दोन तुकडे करावेत. एक तुकडा पिन होतो, दुसरा बिट आणि पिन यांच्यामध्ये ठेवून अंतर लावायला उपयोगी पडतो. मोजपट्टीवरचा आकडा वाचावाच लागत नाही.

आता ‘दोन्ही फळ्या त्याच जिगवर’ हा युक्तिवाद. हा निम्मा खरा आहे आणि म्हणूनच फसवा आहे. एका खाचेच्या कडेपासून पुढच्या खाचेच्या त्याच कडेपर्यंतचे अंतर दोन्ही फळ्यांत सारखेच चुकते, त्यामुळे वीस बोटांनंतर चूक वीसपट होऊन सांधा तिरका जातो ही भीती अनाठायी आहे. पण बोट आणि खाच यांच्यातला फरक अशा रीतीने फिटत नाही. अंतर 6 च्या जागी 6.5 झाले तर दोन्ही फळ्यांची बोटे 6.5 ची आणि खाचा 6 च्या होतात, आणि 6.5 चे बोट 6 च्या खाचेत कोणत्याही जिगवर कापले तरी जाणार नाही. 5.5 झाले, तर प्रत्येक बोटाशेजारी अर्ध्या मिलिमीटरची फट राहते. हिशेब सरळ आहे: पिन जेवढी सरकवावी, तेवढाच सांध्याचा ढिलेपणा बदलतो. सांधा घट्ट असेल तर पिन बिटाकडे घ्यावी, ढिला असेल तर लांब न्यावी.

हे सरकवणे चिकटवलेल्या पिनला जमत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे. बिटाला धार लावली की खाच बदलते, राउटर बदलला की बदलते. पावसाळ्यात लाकडी पिन फुगून खाचेत अडकते, तेव्हा तीच बदलावी लागते. त्यासाठी उभा आधार दोन भागांचा करावा: पिन असलेला पुढचा आधार वेगळा ठेवावा, त्याला दोन लांबट भोके पाडावीत, मागच्या आधाराला तो बोल्ट आणि विंग नटने (हाताने आवळायच्या, पंख असलेल्या नटने) आवळावा आणि त्याच्या टोकाला रेटा देणारा एक साधा एम6 बोल्ट बसवावा. एम6 च्या सर्वसाधारण आट्यांचा टप्पा 1 मिमी असतो, म्हणजे बोल्टचा पाव फेरा 0.25 मिमी आणि दहावा भाग 0.1 मिमी, जवळजवळ नेहमीच्या छपाईच्या कागदाच्या जाडीएवढा. महागड्या जिगची बारीक जुळवणी म्हणतात ती ही, आणि ती हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात सुटी मिळते. यात अर्ध्या तासाच्या जागी एक दुपार जाते, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.

पिनची जागाही महत्त्वाची आहे. टेबलावरचा बिट वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. फळी आपल्यापासून पुढे ढकलताना त्याच्या धारा तिला उजवीकडे ओढतात. पिन बिटाच्या उजवीकडे असेल तर हीच ओढ बोटाला पिनवर दाबून धरते, आणि पिन खाचेत किंचित सैल असली तरी बोटाची रुंदी बदलत नाही. पिन डावीकडे असेल तर फळी प्रत्येक खाचेला बिटाच्या अंगाला सरकू पाहते. दुसरी फळी सुरू करताना पहिली उलटी फिरवून तिची पहिली खाच पिनवर बसवावी. तिचे पहिले बोट बिटाच्या कडेपर्यंत येते, त्याला दुसरी फळी भिडवून कापले की दुसरीची सुरुवात आपोआप खाचेने होते.

‘घट्ट तितका मजबूत’ हे वाक्य खिळ्यांच्या कामातून आले असावे. फिंगर जॉइंटची ताकद गोंदाच्या क्षेत्रफळात आहे. 12 मिमी जाडीच्या आणि 96 मिमी उंचीच्या दोन फळ्या 6 मिमीच्या बोटांनी जोडल्या, तर बोटांच्या 15 जोडण्या मिळतात, प्रत्येकी 12 × 12 मिमी, म्हणजे एकूण 2160 चौरस मिमी. त्याच फळ्या नुसत्या एकमेकींना टेकवून चिकटवल्या तर 1152 चौरस मिमी मिळतात, आणि तेही फळीच्या टोकाला, जिथे लाकूड गोंद पिऊन टाकते. 12 मिमीची जाड बोटे केली तर जोडण्या 7 आणि क्षेत्रफळ 1008 वर येते, हेही ‘जाड बोट म्हणजे भक्कम’ समजणाऱ्यांनी पाहावे. सांधा ठोकून बसवला की खाचेच्या भिंतींवरचा गोंद बोटे खरवडून बाहेर काढतात. शिवाय पाण्यावर आधारित पांढरा गोंद लागताच लाकूड किंचित फुगते, त्यामुळे कोरडा असताना हातोडीने गेलेला सांधा गोंद लावल्यावर अर्ध्यात अडकतो. मग आणखी जोराने ठोकायचे आणि कडेचे बोट लाकडाच्या रेषेवर उभे फुटायचे. कोरडा सांधा हाताच्या दाबाने, फार तर लाकडी ठोकणीच्या दोन हलक्या टोल्यांनी बसावा.

इथे चाचणीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला उशिरा कळली. तीन बोटांचा तुकडा कापून ‘बरोबर बसला’ म्हणून समाधान मानू नये. प्रत्येक बोटाचे घर्षण एकात एक मिळते, त्यामुळे तीन बोटांना गोड वाटणारी जुळणी सोळा बोटांना जाम होते. चाचणीचा तुकडा पूर्ण रुंदीचा घ्यावा.

राहिला प्रश्न हाताने धरण्याचा. खाच संपते तिथे बिट लाकडाच्या मागून बाहेर पडतो. मागे टेकू नसेल तर तिथे ढलपा उडतो आणि तो पॉलिश पेपरने भरून निघत नाही. फळीमागे दर वेळी न कापलेली टाकाऊ पट्टी हवी. पण ढलपा ही किरकोळ बाब झाली. बिट पाटीच्या मागच्या आधारातूनही बाहेर येतो, आणि फळी दोन्ही हातांनी आधारावर दाबून धरणाऱ्याची बोटे अशा वेळी त्याच आधाराला मागून विळखा घालून असतात. म्हणून त्या जागी मागे एक जाड ठोकळा चिकटवावा, फळीला क्लॅम्प लावावा आणि 12 मिमी खोलीची खाच 6 मिमीच्या बिटाने दोन टप्प्यांत, आधी सगळ्या खाचा निम्म्या आणि मग बिट वर करून पूर्ण, अशी कापावी. बिट वर केल्याने पिनचे अंतर बदलत नाही, त्यामुळे जुळवणी पुन्हा करावी लागत नाही.