पदपथ सुधारायचाय? आधी पादचारी हटवा

तुमच्या वॉर्डातले पदपथ तुम्ही मनावर घेतलेत म्हणे. अभिनंदन! एक मात्र लक्षात ठेवा: या कामातला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे पदपथावरून चालणारी माणसं. ती मध्ये मध्ये येतात आणि वर तक्रारी करतात.

मुहूर्त फेब्रुवारीचा धरा. ३१ मार्चला निधी परत जाण्याच्या धास्तीने सगळ्यांचे हात भराभर चालतात. धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडा आणि नवे बसवा. आधीचे लाल असतील तर पिवळे घ्या, म्हणजे काम झाल्याचं लांबून दिसतं. खालची वाळू नीट दाबून घ्या, असा हट्ट एखाद्या तरुण इंजिनिअरने धरलाच, तर त्याला चहा पाजून समजवा. पहिल्या पावसात चार-दोन ब्लॉक डुगडुगले नाहीत, तर पुढच्या फेब्रुवारीत आपण काय करायचं? ब्लॉकखालून उडणारी चिखलाची पिचकारी माणसाला सावध ठेवते, हा फायदा वेगळाच. केबलवाल्यांना खोदाईची परवानगी ब्लॉक बसल्यावरच द्या. आधी दिलीत तर एकाच खर्चात काम उरकेल. तसली सवय लावू नये.

उंचीत तडजोड नको. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे नियम म्हणतात, पदपथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून उंच नसावा. आपला गुडघ्याला टेकला पाहिजे. दर सोसायटीच्या फाटकाशी उतरायचं, पुन्हा चढायचं. एवढा व्यायाम होत असताना लोक वर ओपन जिम मागतात, कमाल आहे. (ती देऊन टाका. पदपथावरच बसवा.)

त्याच नियमांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. ती जरूर सोडा आणि मग तिच्यात विजेचा डीपी, सिग्नलची पेटी, बसथांबा, माननीयांच्या नावाचं बाकडं आणि सेल्फी पॉइंट बसवा. तरीही फट उरलीच तर खांब रोवा. अंतर असं ठेवा की स्कूटर सुळकन निघेल आणि व्हीलचेअर अडकेल. गर्दीचा ठपका फेरीवाल्यांवर ठेवा. त्यांना जागा आखून द्यायचं काम २०१४ च्या कायद्याने महापालिकेवरच टाकलंय, ही गोष्ट चारचौघांत काढू नका. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की हातगाडी निदान उचलली तरी जाते. शेजारी कव्हर घालून महिनोन्‌महिने उभी असलेली मोटार कुणाची, हे तर अजिबात विचारू नका. आपल्याच कुणाची तरी निघायची.

पदपथ झेपत नसेल तर मुंबईचा कित्ता गिरवा. तिथे २००८ साली वांद्रे पूर्वेला स्कायवॉक उघडला आणि चालणाऱ्यालाच उचलून वर ठेवलं. खालचा रस्ता मोटारींना मोकळा. जिने कोण चढणार म्हणून लोक खालूनच चालत राहिले, हा त्यांचा कृतघ्नपणा. पुढे तो स्कायवॉकच धोकादायक ठरला आणि उतरवावा लागला.

कागद मात्र भक्कम हवेत. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केलंय. मोकळा पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये सांगितलंय. दोन्ही फ्रेम करून कार्यालयात लावा.

आणि वर्षातून एकदा हौस भागवून घ्या. २०२१ पासून ११ डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन होतो. लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद ठेवतात. त्या दिवशी आवर्जून जा, फोटो काढून घ्या. जोखीम एवढीच की लोकांना चटक लागते. पोरं आईचा हात सोडून पळतात, दुकानातून निघालेली माणसं चक्क रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत उभी राहतात, आणि कानाशी हॉर्न वाजत नसल्यामुळे एकमेकांचं बोलणंही ऐकू येतं. तेव्हा बॅरिकेड वेळच्या वेळी उचलायला लावा. दुसऱ्या दिवशी कुणी आजी त्याच रस्त्याच्या कडेला पिशवी धरून ताटकळत उभ्या दिसल्या आणि 'कालच्यासारखं आज नाही का हो?' म्हणाल्या, तर नम्रपणे सांगा, 'आजी, तुमची तारीख चुकली.'