गॅस संपत नसतो, गळतो!

"सर, गाडीच्या एसीचा गॅस संपलाय. भरून टाकू. दोन हजार होतील."

परवा गुरुवारी हे वाक्य पुन्हा ऐकलं आणि डोक्यात तिडीक गेली. तेच गॅरेज, तोच मालक, तीच खुर्ची. आधी भरलेल्या गॅसला २२ दिवस झाले होते. फक्त २२! पावती खिशात होती, ती काढून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती हातातसुद्धा घेतली नाही. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "उन्हाळ्यात होतंय सर असं. गाडी आठ वर्षांची झाली ना. अन् गॅसची गॅरंटी नसतीय."

गॅसची गॅरंटी नसते. मग कशाची असते?

मी विचारलं, लीक कुठंय ते बघितलं का? "बघितलं की. काही नाही सापडलं. बारीक असंल कुठंतरी." कधी बघितलं? कशानं बघितलं? २२ दिवसांपूर्वी मी पूर्ण वेळ तिथंच उभा होतो. गाडी रॅम्पवर घेतली नाही, बंपर खोलला नाही, साबणाचं पाणी लावलं नाही. पोरानं बोनेट उघडलं, दोन नळ्या जोडल्या, पाच मिनिटं पंप चालवला, डबा उपडा धरला, पाईपला हात लावून "गार झाला" म्हणाला आणि बोनेट आपटलं. वीस मिनिटांत दोन हजार. वर "चेक करून दिलंय सर."

एवढा राग कामून, तर आदल्या दिवसामुळं. बुधवारी आईला घेऊन परभणीहून नांदेडला निघालो होतो. ७४ वर्षांची बाई, हृदयाचं दुखणं, दर महिन्याला तारीख. डॉक्टरांची वेळ दुपारची मिळाली, ती काही आपल्या हातात नसते. ऊन मी म्हणत होतं, ४३ अंश. झिरो फाटा मागं पडला तसा एसीच्या जाळीतून येणारा वारा कोमट झाला आणि वसमतच्या अलीकडं झळच यायला लागली. आई काही बोलली नाही. तिनं बोटं जाळीसमोर धरली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि परत मांडीवर घेतली. मग बाटलीतल्या पाण्यानं पदर भिजवून डोक्यावर घेतला. पाच-सात मिनिटांत पदर कोरडा. काच खाली करावी तर भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखं, वर करावी तर जीव गुदमरतो. "तू हळू चालव बाळा, मला काही नाही होत," असं ती नांदेड येईपर्यंत म्हणत राहिली आणि तिचे ओठ वाळून पांढरे पडले होते. ते ओठ बघितल्यावर दुसऱ्या दिवशी मला कोणी "बारीक असंल कुठंतरी" म्हणावं, हे सहन होण्यासारखं नाही.

अरे, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का, जळून संपायला? मी शाळेत विज्ञान शिकवतो. नववीच्या पोराला एकदा सांगितलं तरी कळतं, की तोच गॅस त्याला दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधून उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरमध्ये, तिथून कूलिंग कॉइलमध्ये आणि फिरून पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये येतो. तो खर्चच होत नाही. कमी झाला म्हणजे गळाला. रबरी पाईपांतून वर्षानुवर्षं थोडाफार झिरपतो, मान्य. पण २२ दिवसांत अख्खी गाडी रिकामी? आमच्या स्टँडजवळचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधतो, बोटानं जागा धरून ठेवतो आणि मगच ठिगळ लावतो. पन्नास-शंभर रुपयांचं काम, पण इमानदारीचं. त्यानं नुसती हवा भरून पाठवलं असतं तर लोकांनी दुकान चालू दिलं नसतं. इथं मात्र दोन हजार मोजून आपण "थँक्यू" म्हणून निघतो.

आणि भरतात ते तरी मोजून? बोनेटच्या आत चिठ्ठी चिकटवलेली असते, माझ्या गाडीवर ४२० ग्रॅम लिहिलंय. काटा लावून डबा तोलून भरायचा असतो. गेजवरच्या प्रेशरवरून वजन कळत नाही, ते उन्हावर आणि इंजिनच्या तापण्यावर बदलतं. ४३ अंशांत तर बघायलाच नको. जास्त भरला तरी थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. पण यांचा काटा म्हणजे पाईपवर ठेवलेला हात! व्हॅक्यूम पाच मिनिटं. आत शिरलेलं हवेतलं पाणी ओढून काढायला किमान अर्धा तास पंप चालावा लागतो. नाहीतर ते पाणी आत राहतं, गॅस कॉइलमध्ये सोडणाऱ्या एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकात गोठतं, तेलात मिसळून आतून खातं. कॉम्प्रेसरच्या तेलाचा डबा तर त्यांच्या फळीवर बूच नसलेला, वर चिंधी कोंबलेला. ते तेल हवेतलं पाणी पिऊन घेतं, म्हणून डबा उघडला की लगेच बंद करायचा असतो. त्या फळीवर तो किती महिन्यांपासून उघडा होता कोणास ठाऊक.

गाडीच्या एसीतला हा १३४-ए नावाचा गॅस जो आपण दरवर्षी सोडून देतो, तो हवेत जाऊन कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. २०१६ मध्ये किगालीत झालेल्या करारात असे गॅस कमी करत न्यायचं जगानं ठरवलं, भारतानंही २०२१ मध्ये मान्यता दिली. आणि आमच्याकडं? तीन वेळा भरला, दर वेळी ४२० ग्रॅम धरले तर सव्वा किलो. माझ्या एकट्याच्या छोट्या गाडीनं दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. हे पाप माझ्या माथी कामून? मी तर दर वेळी म्हणत होतो की बाबा, लीक शोध.

शेवटी शनिवारी भाच्याला फोन केला. तो जिंतूर रोडला फ्रिज आणि घरच्या एसीचं काम करतो. म्हणाला, "मामा, गाडीचं मी करत नाही, पण लीक ती लीकच. पंप, गेज आणि नायट्रोजन घेऊन येतो." रविवारी पहाटे पाचलाच अंगणातल्या लिंबाखाली गाडी घेतली, कारण नऊनंतर पत्र्याला हात लावता येत नाही. गेज लावलं तर काटा शून्याच्या वर हलेना. आत काहीच नव्हतं. म्हणूनच कॉम्प्रेसर लागत नव्हता, प्रेशर स्विच त्याला लागूच देत नाही, कारण त्याचं तेल गॅसबरोबरच फिरतं. यावरसुद्धा गॅरेजवाला "कॉम्प्रेसर जाईल बघा आता, पंचवीस हजार धरून चाला" असं सांगून मोकळा झाला होता.

बंपर काढला आणि टॉर्च मारली. पाच मिनिटं. खरंच सांगतो, घड्याळ लावून पाच मिनिटं. कंडेन्सरला जिथं ॲल्युमिनियमचा पाईप येऊन एका बोल्टनं बसतो, तिथं तळहाताएवढा काळा चिकट डाग होता, त्यावर धूळ बसून खरपुडी झालेली. गॅस जिथून जातो तिथून तेलही जातं आणि तेलावर आपल्याकडची धूळ बसते. यासाठी कुठलं मशीन लागत नाही, डोळे लागतात. भाच्यानं आत दीडशे पौंड दाबानं नायट्रोजन सोडला, मी भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशनं लावला, तर बुडबुडे कढ आल्यासारखे फुगायला लागले. बारीक म्हणे!

नायट्रोजन सोडून दिला, दहाच्या पान्यानं बोल्ट काढला, पाईप ओढला, आणि मग जे दिसलं ते बघून मी जमिनीवरच बसलो. जोडावर लाल सिलिकॉन फासलेलं होतं. इंजिनच्या तेलाच्या चेंबरला लावतात तेच, बोटानं थापलेलं, बोटाचा ठसा त्यात वाळून बसला होता. ते खरवडल्यावर आतून जोड बंद करणारी रबरी रिंग निघाली. एसीची नव्हे. पाण्याच्या नळाला असते तशी साधी काळी, मापानं जाड. पाईप दाबून बसवताना एका बाजूनं चेपून तिला चंद्रकोरीसारखी चीर गेलेली. नख लावलं तर तुकडा पडला.

आता ऐका. हा कंडेन्सर त्याच गॅरेजानं बदललाय. दोन वर्षांपूर्वी "दगड लागून फुटलाय" म्हणून साडेसात हजार घेतले होते. त्याच्या आधी सहा वर्षं एसीला कोणी हात लावला नव्हता, बर्फासारखा चालत होता. म्हणजे ही रिंग त्यांनीच बसवली. गळायला लागल्यावर सिलिकॉनही त्यांनीच फासलं. याचा अर्थ त्यांना जागा माहीत होती! माहीत असून मला "काही नाही सापडलं" सांगत होते आणि दर उन्हाळ्यात दोन हजार घेत होते.

रिंग आणायला मोंढ्याकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. "एक नाही मिळणार, पूर्ण किट घ्या, साडेआठशे." मला एकच हवी आहे. "मग नाही." दुसऱ्या दुकानात, "ही चालंल की, थोडी मोठी आहे, टाईट करा." हेच ते. "चालंल की." या दोन शब्दांनी आमचं वाटोळं केलंय. कूलरची मोटर दुरुस्तीला दिली तर वायरला टेप नाही, पीळ मारून सोडली, "चालंल की." शेतातल्या बोअरच्या स्टार्टरमध्ये फ्यूजच्या जागी जाड तार घातली, मोटर जळाली, "एवढं तर चालतंय." शाळेच्या गच्चीचा पाईप पोत्यानं बांधला, पहिल्या पावसात वर्गात पाणी. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही छाती फुगवून म्हणतो, आणि या गावात मापाची रिंग मापानं बसवणारा माणूस शोधावा लागतो. तिसऱ्या दुकानात एक म्हातारे काका होते. त्यांनी मी आणलेला तुकडा चष्मा वर करून बघितला, पाईपचं टोक दोरीनं मापलं, डबीतून हिरवी रिंग काढली आणि म्हणाले, "गुरुजी, बसवताना हिला एसीच्याच तेलाचं बोट लावा, कोरडी घालू नका." तीस रुपये. तीस!

बोट लावलं. पाईप हातानं सरळ बसला, जोर लागला नाही. ओल शोषणारी ड्रायरची पिशवी त्याच काकांकडून आणून बदलली, कारण उघड्या पडलेल्या यंत्रणेत ती ओल पिऊन मेलेली असते. पंप लावला. २० मिनिटं झाली असतील आणि लाईट गेली. रविवारची, बारा वाजताची, कळवलेलं नाही, काही नाही. पंप थांबला की त्यातली हवा उलटी आत जाते. भाच्यानं धावत जाऊन गेजचे कॉक बंद केले म्हणून वाचलो. अडीच तास घामाच्या धारांत वाट बघितली. लाईट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाऊण तास पंप, मग पंप बंद करून अर्धा तास नुसता काट्याकडं डोळे लावून बसलो. काटा केसभरही हलला नाही. मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवून ४२० ग्रॅम, ना एक जास्त, ना एक कमी.

संध्याकाळी जाळीत थर्मामीटर खोचला. ८ अंश. आईला बाहेर बोलावलं, पुढच्या सीटवर बसवलं. तिनं पुन्हा तशीच बोटं जाळीसमोर धरली. या वेळी काढली नाहीत.

ती चिरलेली रिंग आणि लाल सिलिकॉनचा तो पोपडा मी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. तिन्ही पावत्या पिना मारून एकत्र केल्यात. उद्या शाळेआधी, गॅरेज उघडायच्या वेळी जाणार आहे. पैसे परत मिळणार नाहीत, हे मला कळतं. पण त्याच्या खुर्चीवर बसणार नाही. चार गिऱ्हाईकं उभी असताना डबी टेबलावर ठेवून एवढंच विचारणार आहे, की सिलिकॉनवरचा हा बोटाचा ठसा कोणाचा?